सातमैलाच्या चढावरचा काटा

व्हर्ला उरुटी मार्चमध्ये गेली. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात हॅम आणि चीज घातलेले भाजके बटाटे खाताना जो तो म्हणत होता, बाई किती मोठ्या मनाची, कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. मी माझ्या ताटात बघत बसलो. मोठ्या मनाची! या बाईनं सोळा वर्षं डूख धरला होता आणि तो पुरा करून मगच ती नीट झोपायला लागली. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण खोटं कशाला बोलायचं? तिला स्वतःला ते आवडलं नसतं.

मी ऑरिन. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे एकतीस वर्षं उभा आहे. या गावात कुणाची गाडी कशानं मेली हे मेकॅनिकच्याही आधी मला कळतं. व्हर्लाची गोष्ट मीच सांगायला हवी, कारण तिच्यात मी आहे, आणि चांगल्या बाजूला नाही.

आधी कपांचं सांगतो. आमच्याकडे लूपीन कॅफेत मार्व्हाच्या काउंटरमागे एक भिंत आहे, तिच्यावर खिळे आहेत, आणि प्रत्येक खिळ्याला एकेकाच्या नावाचा कप. डिझेल पिकअपमागे ट्रेलर जोडून गुरं, घोडे, गवत डोंगरापलीकडे नेणारी जी माणसं, त्यांचे ते कप. मी काही ओढत नाही, पण माझ्याशिवाय कुणाचं चाक फिरत नाही म्हणून एक खिळा माझाही. आता यातला नियम असा, की ज्यानं स्वतःच्या हलगर्जीपणानं इंजिन जाळलं त्याचा कप कुणीतरी उठून भिंतीकडे तोंड करून टांगायचा, नाव दिसणार नाही असा. त्या माणसानं तोवर कागदी पेल्यातून प्यायचं. त्यानं सगळ्यांसमोर ‘चूक माझी’ म्हटलं की ज्यानं वळवला त्यानंच उठून कप सरळ करायचा. दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही. बहुतेक वेळा हे सगळं दोन दिवसांच्या थट्टेत मिटतं.

क्लेम उरुटीचं सहा वर्षं मिटलं नाही.

क्लेम म्हणजे व्हर्लाचा नवरा. सावकाश माणूस. शीळ घालत गाडी चालवायचा, आणि घोड्यांना वळणावर धक्का बसू नये म्हणून वळणाच्या अर्धा मैल आधीच वेग कमी करायचा. त्याच्या मागे अडकलेले लोक शिव्या द्यायचे, पण आपली घोडी न्यायची वेळ आली की फोन क्लेमलाच करायचे.

दोन हजार तीनच्या वसंतात त्यानं गॅरेजवाल्या बॉइड टॅन्सलीकडून गाडीत उष्णतेचं गेज बसवून घेतलं. कंपनी हे गेज देत नाही, आपलं आपण लावावं लागतं; समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर, डोळ्यासमोर. इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापलाय ते काटा दाखवतो. मागे दहा टन ओझं असताना चढावर पाय दाबून धरला की धूर तापत जातो, साडेबाराशे अंशांच्या वर फार वेळ राहिला की आतलं पिस्टन लोण्यासारखं वितळतं. काटा बघायचा आणि पाय उचलायचा, एवढंच काम. बॉइडनं किल्ली देताना क्लेमला सांगितलं, “साडेबाराशेच्या खाली आहेस तोवर खुशाल शीळ घाल.” मी तिथेच होतो. गेज माझ्याच दुकानातलं.

ऑगस्टमध्ये सहा घोडे घेऊन क्लेम सातमैल चढत होता. सातमैल म्हणजे गावाबाहेरचा घाट. नाव सांगतं तेवढाच लांब, आणि मध्ये सपाट अशी जागा कुठेही नाही. सहाव्या मैलावर इंजिन गेलं. गाडी मागे सरकली, ट्रेलर चरात कलंडला, आणि एका घोडीचा पाय मोडला. तिला तिथेच गोळी घालावी लागली. गोळी क्लेमनंच घातली, दुसऱ्या कुणाला घालू दिली नाही.

गाडी ओढून आणली बॉइडनं. इंजिन उघडलं बॉइडनं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता लूपीनमध्ये सगळं टेबल भरलेलं असताना उठून क्लेमचा कप भिंतीकडे वळवला, तोही बॉइडनंच.

“दोन पिस्टनं पार वितळलीत,” तो म्हणाला. “गेज डोळ्यासमोर होतं की नाही? असं गेज नुसतं लावून भागत नाही राव, त्याच्याकडे बघावंही लागतं.”

सगळे हसले. मीही हसलो.

क्लेम दारातच उभा होता. म्हणाला, “बॉइड, मी काट्यावरून नजर हलवली नाही. काटा अकराशेच्या वर गेलाच नाही.”

“मग पिस्टनं काय लाजेनं वितळली?”

पुन्हा हशा. मार्व्हानं क्लेमपुढे कागदी पेला ठेवला. त्यानं त्याला हात लावला नाही. ‘चूक माझी’ दोन शब्दांचं काम होतं. म्हटलं असतं तर संपलं असतं. पण त्याची चूक नव्हती, आणि क्लेमला नसलेली चूक कबूल करणं जमायचं नाही. तो गेला आणि पुन्हा लूपीनमध्ये आला नाही. त्याला घोडे कुणी देईना. धान्याच्या कोठारावर पोती मोजायला लागला. शीळ बंद झाली, हे मला व्हर्लानंच एकदा सांगितलं.

त्याच ऑक्टोबरात ती माझ्या काउंटरवर आली होती. हातात एक काळी नळी. क्लेमच्या गाडीची, टर्बोच्या मागे असते ती. तिच्यात एक भोक, आणि भोकात गेजची उष्णता मोजणारी सळई तशीच अडकलेली. नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका. बॉइडची ती सवय. स्वतः आवळलेल्या प्रत्येक नटावर तो पिवळा ठिपका द्यायचा.

“ऑरिन, हे भोक इथेच असायला हवं का?” तिनं विचारलं.

मला बघताक्षणी कळलं. धूर इंजिनातून निघतो, आधी टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, फिरवतो, आणि तिथे त्याची बरीच उष्णता खर्ची पडते. सळई टर्बोच्या आधी बसवायची असते, जाड ओतीव लोखंडात. त्याला अर्धा दिवस लागतो, हात काळे होतात, आणि लोखंडाचा कीस आत पडला तर टर्बो खलास. टर्बोनंतरच्या पातळ नळीत मात्र वीस मिनिटांत भोक पडतं. पण तिथला काटा भर चढावर तीनशे अंशांनी खोटं बोलतो. क्लेमला अकराशे दिसत होतं तेव्हा आत चौदाशे होतं. तो बिचारा नियमानं चालवत होता आणि नियमानंच जळला.

मी हे तिला सांगितलं नाही. बॉइड माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता, आणि सकाळी सहाला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. मी म्हणालो, “सगळे तिथेच लावतात, व्हर्ला. काही फरक पडत नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, नळी उचलली, आणि “बरं” म्हणून गेली. माझ्यावर विश्वास ठेवला तिनं. सहा वर्षं ठेवला.

दोन हजार दहाच्या जानेवारीत क्लेम दारातला बर्फ उपसताना पडला तो उठलाच नाही. दफन झाल्यावर पेटी उचलणारे सहाही जण अंग गरम करायला लूपीनमध्ये आले. व्हर्लाही आली, काळा कोट, नाक लाल. खुर्ची ओढून बसली आणि भिंतीकडे बघितलं. क्लेमचा कप अजून भिंतीकडेच तोंड करून होता.

“बॉइड, आज तरी,” मार्व्हा हळूच म्हणाली.

बॉइड चमचा ढवळत म्हणाला, “नियम मी नाही केला, मार्व्हा. त्यानं म्हटलं असतं तर मी केव्हाच वळवला असता.”

कोट अंगात तसाच ठेवून व्हर्ला दालचिनीचा गोड रोल पूर्ण खाऊन उठली. इतक्या शांतपणे खाणाऱ्या बाईची मला त्या दिवशी भीती वाटायला हवी होती.

वसंतात तिनं क्लेमची दुसरी, जुनी गाडी चालती करायचं ठरवलं आणि माझ्याकडून तेच गेज विकत घेतलं. खोक्यात एक कागद असतो. आमच्याकडे तो कुणी वाचत नाही. इथला पुरुष खोकं उघडतो आणि पहिल्यांदा कागद फेकतो. बॉइडनं क्लेमला कागद दिला नव्हताच. व्हर्लानं तो भिंग घेऊन वाचला. त्यात चित्र होतं, सळई टर्बोच्या आधी. आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ, की नंतर बसवल्यास काटा सुमारे तीनशे अंश कमी दाखवील.

तो कागद घेऊन ती लूपीनमध्ये आली. बॉइडच्या कपाशेजारी ठेवला.

“वाच.”

बॉइडनं कागदावर कप ठेवला. “बाईसाहेब, असले कागद गेज विकणारे छापतात. मी चाळीस वर्षं हातानं काम करतोय. आधी काय नि नंतर काय, काटा तो काटा.”

सगळं टेबल आपापल्या कॉफीत बघायला लागलं. तिनं एकेकाकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ओला झालेला कागद उचलून घडी घातली आणि म्हणाली, “ठीक आहे. कागद नको. काटाच बोलेल.”

त्या दिवसापासून व्हर्लाला एकच काम होतं. बॉइडच्या हातानं क्लेमचा कप सरळ व्हायला हवा, आणि बॉइडच्या तोंडून खरं निघायला हवं. कोर्टबिर्ट नाही, भरपाई नाही. तो कप.

ती गेज बसवायला शिकली. मेंढ्यांच्या रिकाम्या शेडमध्ये भंगारातलं एक इंजिन उभं करून त्याच्या लोखंडात भोकं पाडत बसायची. ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासायची, म्हणजे कीस त्याला चिकटतो. दोन वेढे झाले की काढून पुसायची, पुन्हा ग्रीस. शेवटी लांब दांडीचं लोहचुंबक आत फिरवून तो पांढऱ्या फडक्यावर झटकायची, आणि फडकं स्वच्छ निघेपर्यंत सोडायची नाही. पन्नाशीची बाई, त्याआधी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायची. कुणाच्या बापालाही वाटलं नसतं.

पहिल्या आल्या त्या रोडिओच्या खेळांत पिंपांभोवती घोडे पळवणाऱ्या बायका. त्यांना बॉइड ‘पोरींनो’ म्हणायचा, म्हणून त्या आल्या. मग त्यांचे नवरे आले. मग नवऱ्यांचे भाऊ. जी गाडी आधी बॉइडकडून गेज लावून आलेली, तिची सळई व्हर्ला मागच्या नळीतून काढायची, ते भोक बुजवायची, आणि टर्बोच्या आधी नवं पाडायची. जुना पिवळ्या ठिपक्याचा नट तारेत ओवून शेडच्या भिंतीवर टांगायची. शेजारी मालकाचं नाव. आठ-नऊ वर्षांत भिंतीवर त्रेचाळीस पिवळे ठिपके झाले. त्या गाड्या सातमैल चढताना लोक काट्याकडे बघायचे आणि हादरायचे. इतकी वर्षं आपण चौदाशेवर चढत होतो हे त्यांना आता कळत होतं. कळलं तरी लूपीनमध्ये कुणी बोलायचं नाही. बॉइडला तोंडावर कोण बोलणार? फक्त त्याच्याकडे जाणं बंद झालं.

बॉइड टेबलावर म्हणायचा, “ती बाई आता मार्व्हाच्या किटलीलाही गेज लावील.” पण त्याचं गॅरेज रिकामं पडलं, आणि शेवटी त्यानं कुलूप लावून बैल पाळायला घेतले. सगळं सामान व्हर्ला माझ्याकडूनच घ्यायची. मी तिला म्हणालोसुद्धा एकदा, “झालं की गं, धंदा बसवलास त्याचा. फिटलं की.”

“धंदा मी मागितला नव्हता,” ती म्हणाली, आणि भोकात आटे पाडायचा पाव इंची टॅप मागितला.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये, जत्रेच्या आदल्या सोमवारी, बॉइड लूपीनमध्ये फुशारक्या मारत होता. त्याचे आठ बैल जत्रेत जायचे होते, सातमैल चढून. कुणीतरी गमतीनं विचारलं, गेज व्हर्लाकडून लावलंस की नाही? तो खो खो हसला. “आधी काय नि नंतर काय! शंभरदा सांगितलंय.”

मागच्या बाकावरून व्हर्ला उठली.

“मग मला तुझ्या गाडीत दुसरं गेज लावू दे. टर्बोच्या नंतर, क्लेमला लावलं होतंस तिथेच. तुझं आत्ता जे आहे ते मी टेपनं झाकते. क्लेमच्या काट्यावर तू आठ बैल घेऊन सातमैल चढ, क्लेमच्या वेगानं. काटा साडेबाराशेच्या खाली असताना पाय उचलला नाहीस, तर तो कप मी इथेच आपटून फोडते आणि शेडला कुलूप लावते.”

मार्व्हानं किटली खाली ठेवली. “आणि त्यानं पाय उचलला तर?”

“तर ज्या हातानं कप वळवला तोच हात तो सरळ करील.”

बॉइडनं सगळ्यांकडे बघितलं. सोळा वर्षं त्याच्यासोबत हसलेले चेहरे होते ते, आता नुसते वाट बघत होते. नाही म्हणायला त्याला जागाच नव्हती.

“लाव,” तो म्हणाला. “आणि कुलूप विकत घेऊन ठेव.”

बुधवारी त्यानं गाडी शेडमध्ये सोडली आणि चालत निघून गेला. व्हर्लानं मला बोलावलं. “साक्षीदार लागेल. तूच हवास.” मला जरा बरंच वाटलं, मूर्ख मी.

तिनं बॉनेट उघडून आत विजेरी मारली. बॉइडच्या स्वतःच्या गाडीत त्याचं जुनं गेज होतं. त्याची सळई जाड लोखंडात बसवलेली, टर्बोच्या आधी. भोक नीट, आटे स्वच्छ, अर्धा दिवस मोडून केलेलं काम. आणि नटावर पिवळा ठिपका.

म्हणजे माहीत होतं. दुसऱ्यांच्या गाडीला वीस मिनिटं आणि स्वतःच्या गाडीला अर्धा दिवस. “व्हर्ला, एवढं बास आहे. याचा फोटो काढून टेबलावर ठेव.”

“हे मला बास आहे. टेबलाला नाही. ठिपका मीच रंगवला म्हणेल.” ती ड्रिलला टोक बसवत होती. “आणि मला त्याला फोटो दाखवायचा नाहीये, ऑरिन. मला त्याला घाबरलेला बघायचाय.”

मागच्या नळीतलं भोक वीस मिनिटांतच झालं. ती घड्याळ बघत होती.

शुक्रवारी सकाळी निघालो. बॉइड चाकावर, व्हर्ला शेजारी, मी मागच्या सीटवर, आणि ट्रेलरमध्ये आठ बैल. खांबावर दोन गेजं. वरचं काळ्या टेपनं बंद, खालचं उघडं. पायथ्याशी व्हर्ला म्हणाली, “पंचेचाळीस. क्लेमचा वेग.”

पहिला मैल बॉइड शीळ घालत होता. मुद्दाम. व्हर्ला काट्याकडे बघत राहिली. दुसऱ्या मैलावर काटा नऊशे. तिसऱ्यावर हजार. शीळ थांबली.

चौथ्यावर बॉइड खालच्या काट्याकडे बघायचा आणि मग वरच्या काळ्या टेपकडे. त्याच्या कपाळावर घाम आला होता, खिडकी उघडी असून. काटा हजार साठ. नियमानं खुशाल शीळ घालावी असा आकडा.

पाचव्यावर अकराशे. इंजिनाचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता, आणि तो आवाज ओळखणारा माणूस चाकावर होता. त्याचा पाय उचलला गेला.

“का उचललास?” व्हर्लानं विचारलं.

“वळण होतं.”

“वळण मागे गेलं. दाब.”

त्यानं दाबला. पन्नास यार्डही झाले नाहीत, पुन्हा उचलला.

“अकराशे आहेत बॉइड. साडेबाराशेपर्यंत शीळ घालायला तूच सांगितलं होतंस. घाल.”

“बैल भारी आहेत...”

“घोडेही भारी होते. दाब.”

त्यानं दाबला, आणि तिनं नख घालून वरची टेप फाडली. काटा चौदाशेला टेकत होता. बॉइड ओरडला, “माझं इंजिन जळेल, बाई!” आणि पाय काढून गाडी कडेच्या मोकळ्या जागेत घातली.

बैल मागे पाय आपटत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. याचा तर पायच बोलला होता. व्हर्ला दोन्ही काटे खाली येईपर्यंत थांबली. इंजिन निवल्याशिवाय बंद करायचं नसतं, आणि ती कामात कधी हयगय करायची नाही.

“तुझं जळेल,” ती म्हणाली. “आता बोल.”

बॉइड चाक धरून बसला होता. म्हातारा दिसत होता. “त्या आठवड्यात माझ्याकडे चार गाड्या होत्या. क्लेम हळू चालवतो, त्याला नाही लागणार, असं वाटलं. इंजिन उघडलं तेव्हाच कळलं मला.”

“आणि तरी कप वळवलास.”

“कुणाचा तरी वळलाच असता.” मग खाली बघत म्हणाला, “माझा वळला असता.”

मला वाटलं ती त्याला मारील. मला ते हवंही होतं. पण ती मागे वळली, माझ्याकडे. डोळे कोरडे ठाक.

“ऑरिन. मी नळी घेऊन आले होते. तुला माहीत होतं?”

काय सांगू, खोटं अगदी जिभेवर आलं होतं. पण समोर दोन काटे होते, एक खोटा आणि एक खरा. “बघताक्षणी,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. हे तिला कागद वाचला त्या दिवसापासून माहीत होतं. नऊ वर्षं माझ्याकडून टॅप, ग्रीस, सळया घेत होती आणि प्रत्येक वेळी “धन्यवाद, ऑरिन” म्हणत होती.

“तू सांगितलं असतंस,” ती म्हणाली, “तर क्लेम कागदी पेल्याशिवाय मेला असता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लूपीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बॉइड आला, टोपी काढली, आणि जे घाटात बोलला ते सगळं पुन्हा बोलला, मोठ्यानं. व्हर्लानं दोनदा “ऐकू नाही आलं” म्हटलं म्हणून तिसऱ्यांदाही. मग भिंतीशी गेला आणि क्लेमचा कप सरळ केला. ‘क्लेम’ हे निळं नाव सोळा वर्षं भिंतीकडे होतं म्हणून अजून नव्यासारखं होतं. मार्व्हा रडत होती. तिनं कप धुतला, भरला आणि व्हर्लापुढे ठेवला. व्हर्लानं तो शांतपणे पूर्ण प्यायला.

मग ती उठली आणि बॉइडचा कप भिंतीकडे वळवला. बॉइड तेव्हाच दाराबाहेर पडला, आणि मरेपर्यंत पेट्रोल पंपावरची कॉफी पीत राहिला.

मला वाटलं, झालं. पण तिचा हात दोन खिळे पुढे सरकला आणि माझा कप उचलला.

“व्हर्ला, मी इंजिन जाळलं नाही,” मी म्हणालो.

“जाळलंस.”

टेबलावर कुणी हसलं नाही. मी तिथल्या तिथे उभा राहून म्हणालो, “चूक माझी.” सगळ्यांसमोर, स्पष्ट. नियमानं तिनं कप सरळ करायला हवा होता.

“ऐकलं,” ती म्हणाली. “करीन सरळ. क्लेम जेवढा थांबला तेवढा थांब. सहा वर्षं पाच महिने.”

बॉइडसारखं मला पळून जाता आलं असतं. नाही गेलो. रोज सकाळी सहाला जातो, मार्व्हा म्हणते, “काय देऊ, राजा?” आणि कागदी पेला भरते. समोरच्या बाकावर व्हर्ला क्लेमच्या कपातून प्यायची. आम्ही पावसाबद्दल, बैलांच्या भावाबद्दल बोलायचो. ती कधी कठोर बोलली नाही. दर ऑगस्टमध्ये फक्त भिंतीकडे बघून बोटांवर मोजायची, आणि मला दिसेल असं मोजायची.

चार वर्षं सात महिने झाले आणि ती गेली. दफनानंतर मार्व्हानं मला लूपीनमध्ये बसवलं आणि म्हणाली, “पुरे झालं, ऑरिन. मी वळवते.” तिनं हात पुढे केलासुद्धा. मी नको म्हटलं. एक वर्ष दहा महिने अजून बाकी होते, आणि ते संपले तरी तो कप सरळ करू शकणारी बाई आता नाही.